अर्थिंग

मे महिन्यातली दुपार, वाडी नाक्यामागची गल्ली,
कूलरमधला वाळा कधीच वाळून गेलेला,
आणि यामिनी भोयरची लाल, बुटकी, दोन सीटांची गाडी
माझ्या शेडमध्ये अर्धी आत, अर्धी उन्हात.

तिनं हातात दिली आठ दिव्यांची पट्टी,
कंपासपेटीएवढी. चार हिरवे, दोन पिवळे,
एक लाल, शेवटी निळा.
इंजिन किती चढलं ते दाखवणारी,
आता बदल गिअर, म्हणणारी.

मी म्हणालो, ह्याची काय गरज आहे जी?
चांगलं इंजिन स्वतःच ओरडून सांगते.
राजिकनं माझ्या पायावर पाय दिला.
ती माझ्या ओठांकडे पाहत होती. सगळं वाचलं तिनं.
"सांगत असेल, ताराचंदभाऊ.
दोन वर्षं झाली, मला ऐकू येत नाही."

मग मी पाना उचलला.

लाल वायर चावीनंतरच्या करंटला, मधे दोन अँपिअरचा फ्यूज.
हिरवी, रबरी बुचातून फायरवॉलच्या पलीकडे,
इंजिनचे ठोके आणायला:
फेरीला दोन, चार सिलिंडरचा हिशेब,
प्लगच्या वायरींपासून वीतभर लांब.
काळी राहिली.
आमच्या धंद्यात काळ्या वायरीला अर्थ म्हणतात.
उस्तादांनी पहिल्याच दिवशी टपली मारून शिकवलं होतं,
रंगावर अर्थ लागत नाही, पोट्ट्या. पत्रा खरवड.

त्या दिवशी मी घाईत होतो,
खरं म्हणजे ओशाळलो होतो.
रंगावरच बोल्ट आवळला.

स्टार्टर मारला. गाडी जागच्या जागी,
आणि आठही दिवे वरातीतल्या लायटिंगसारखे नाचायला लागले.
राजिक हसला. मग तीही.
"माझ्या कानांचं असंच झालं होतं," म्हणाली,
"बंद पडायच्या आधी. नुसता गोंगाट,
कोण काय बोलून राहिलं, पत्ता नाही."

खरवडलं.
लालखाली निळा निघाला, निळ्याखाली राखाडी.
गाडी कधीकाळी निळी होती हे तिलाही ठाऊक नव्हतं.
बोटानं तिनं ती रुपयाएवढी जागा चाचपली,
मग मी वॉशर ठेवला त्यावर.

उन्हात काढली तर दिवे दिसेचनात.
शेहेचाळीस डिग्रीच्या उजेडात
हिरव्या ठिपक्याला कोण विचारतो?
राजिकनं आपली तुटकी स्लीपर कापली,
पट्टीवर काळ्या रबराची छपरी बसवली.
नीट पाहिलं तर अंगठ्याचा खळगा दिसतो तिच्यात.
मी म्हटलं, उद्या चांगली आणतो.
तिनं काढू दिली नाही.

रात्री आउटर रिंग रोड. ट्रक विरळ झालेले.
मी शेजारी, पट्टा लावून, गुडघे छातीशी.
हिरवे, हिरवे, पिवळा, तिची नजर वर, हात खाली.
मी सवयीनं डोळे मिटले,
मनात म्हणत गेलो: आता. आता.
माझा "आता" आणि तिचा हात
एकदाच जुळले, तिसऱ्यावरून चौथ्याला जाताना.
बाकी वेळा तिचा हात आधी.
दिवे मीच थोडे लवकर लावले होते,
तरी मनाला लागलं.

एका बंद ढाब्यापुढे तिनं गाडी थांबवली.
आतला लाइट लावला, म्हणजे माझं तोंड दिसावं.
"निळा लागतो तेव्हा आवाज कसा येतो?"

तीस वर्षं इंजिनं ऐकली मी.
नुसत्या आवाजावरून टॅपेट सांगितले, बेअरिंग सांगितलं.
कुकर म्हणू? शिट्टीच्या आधीचा?
मिलचा भोंगा म्हणू? तो ती जन्मायच्या आधीच बंद झाला.
ओठ हलवले, आणि तसेच ठेवले.
ती वाट पाहत राहिली, मग तळहात गिअरच्या मुठीवर ठेवून म्हणाली,
"राहू द्या. इथे येतो थोडासा."

सकाळी बिल लिहिलं:
शिफ्ट लाइट फिटिंग, बाराशे.
छपरी, राजिकची, शंभर.
पत्रा खरवडणे, चूक माझी, पैसे नाहीत.
आणि कार्बनच्या खालच्या प्रतीवर, जी माझ्याकडेच राहते:
आवाज, बाकी.